आवाज कुठल्या मजल्यावर राहतो? (वाचकांचे प्रश्न)

या वेळी पत्रांचा गठ्ठा जरा मोठाच होता आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रं सोप्रानो गायकीबद्दल (सोप्रानो म्हणजे बायकांच्या आवाजांतला सगळ्यात उंच), गेल्या अंकात मी ऑपेरा थिएटरमधल्या माझ्या दिवसांबद्दल लिहिलं होतं त्याचा परिणाम असावा. नावं नेहमीप्रमाणे छापत नाहीये. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींना मुद्दाम लांब उत्तर दिलंय कारण तिथे घाई केली की गळा जातो, बाकीच्यांनी थोडक्यात गोड मानून घ्या.

प्रश्न: ताई, माझी मुलगी १५ वर्षांची आहे. व्हिडिओ बघून बघून ती मोत्झार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधल्या रात्रीच्या राणीचं ते प्रसिद्ध गाणं म्हणते, सगळ्यात वरचे सूरसुद्धा लागतात, ऐकणारे थक्क होतात. आता लगेच ऑपेराचं शिक्षण सुरू करावं का? रोज किती तास गायला लावू?

उत्तर: कौतुक आहेच हो, पण आधी एक गोष्ट सांगते. मोत्झार्टने ते गाणं १७९१ मध्ये लिहिलं ते स्वतःच्या थोरल्या मेव्हणीसाठी, योझेफा होफर तिचं नाव, तेव्हा तिशी ओलांडलेली आणि थिएटरमध्ये मुरलेली बाई. त्यातला तो सगळ्यात वरचा एफ (पाश्चात्य संगीतात सुरांना ए ते जी अशी अक्षरं असतात) म्हणजे स्वरतंतू सेकंदाला जवळजवळ १४०० वेळा हलणं. १५ व्या वर्षी तिथे पोचता येतं, बऱ्याच मुलींना येतं, आवाज पातळ करून शिट्टीसारखा वर सोडला की लागतो तो सूर. पण पोचणं आणि राहणं यात फरक आहे. लिफ्टने विसाव्या मजल्यावर जाऊन खिडकीतून हात हलवून परत येणं वेगळं आणि तिथे संसार थाटणं वेगळं. आमच्या भाषेत याला टेसितुरा म्हणतात, म्हणजे एखादी भूमिका किंवा एखादा आवाज जास्तीत जास्त वेळ कुठल्या पट्टीत वावरतो ते. मुलीला सगळ्यात वरचा सूर कुठला लागतो हे मला नका सांगू, अर्धा तास गायल्यावर गळा कुठे दमत नाही ते सांगा. रात्रीच्या राणीला अख्ख्या ऑपेरात दोनच मोठी गाणी आहेत, तिचं ते दुसरं गाणं जेमतेम तीन मिनिटांचं. बाकीच्या बहुतेक भूमिकांमध्ये तीन-तीन तास मधल्या मजल्यावर जिने चढउतार करायचे असतात.

दुसरं म्हणजे मुलींचाही आवाज फुटतो, मुलांसारखा धाडकन नाही त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच. या वयात स्वरतंतू मागच्या बाजूला नीट मिटत नाहीत, हवा निसटते, आवाज थोडा धुरकट येतो, आणि मग मुलगी ती हवा थांबवायला गळा आवळते. ही सवय एकदा लागली की सोडवायला पुढे वर्षं जातात, मी स्वतः दोन मुलींच्या बाबतीत बघितलंय.

मग आत्ता करायचं काय, तर गाण्याचा क्लास आठवड्यातून एकदा, पाऊण तास, आणि घरी १५-१५ मिनिटांच्या दोन बैठका. बास. उरलेला वेळ पियानोवर घाला. तो उत्तम वाजवायचा नाहीये, पण स्वतःचा सूर स्वतः शोधता आला पाहिजे आणि स्वरलिपी वर्तमानपत्रासारखी वाचता आली पाहिजे. कॉयरमध्ये घाला (फक्त जी मुलगी चांगलं वाचते तिला पटकन खालच्या आवाजात, अल्टोत बसवतात, तेवढं लक्ष ठेवा). गाण्यासाठी जुनी इटालियन गाणी, आणि निकोला वाक्काईचं १८३० च्या दशकातलं अभ्यासाचं पुस्तक, त्याची खुबी अशी की पहिल्या धड्यापासून नुसतं आ-आ न करता खऱ्या इटालियन शब्दांवर गायचं असतं, आधी सरळ पायऱ्या, मग एक सूर सोडून उडी, मग दोन सोडून, आणि बहुतेक धडे मधल्या मजल्यावरच. पोरांना कंटाळा येतो याचा. येऊ द्या.

आणि शिक्षक निवडताना एकच परीक्षा सांगते, क्लासमधून बाहेर आल्यावर मुलीचा बोलण्याचा आवाज बघा. बसला असेल, खरखरत असेल, आणि असं दोन-तीनदा झालं, तर शिक्षक कितीही मोठा असो, बदला. येनी लिंड माहितीये ना, स्वीडनची, १८३८ मध्ये १७ व्या वर्षी मुख्य भूमिकेत उभी राहिली, आणि पुढची दोन-तीन वर्षं इतकं गायली की १८४१ मध्ये पॅरिसला मॅन्युएल गार्सिया या नावाजलेल्या गानशिक्षकाकडे पोचली तेव्हा आवाजाची पार चिंधी झालेली. त्याने शिकवायला नकार दिला, म्हणाला सहा आठवडे गाऊ नकोस, बोलूही फार नकोस, मग ये. ती गेली, गप्प बसली, परत आली, आणि मग जवळजवळ वर्षभर शिकली. हाच गार्सिया पुढे १८५४ मध्ये दाताच्या डॉक्टरचा असतो तसा छोटा आरसा घशात घालून स्वतःचेच स्वरतंतू हलताना बघून आला. १०१ वर्षं जगला माणूस.

प्रश्न: मी २४ वर्षांची, व्होकलची डिग्री संपत आलीये. आधीचे सर म्हणायचे तू सुब्रेट आहेस, आत्ताच्या मॅडम म्हणतात लिरिक, आणि एका मास्टरक्लासमध्ये मोठ्या गायिकेने ऐकून सांगितलं की तू मुळात मेझो आहेस. तीन जणांची तीन मतं. डोकं फिरायची वेळ आलीये. माझं फाख नक्की कुठलं?

उत्तर: जर्मन लोकांनी आवाजांचे हे कप्पे पाडले, फाख या शब्दाचा अर्थच मुळी कप्पा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मेझो म्हणजे सोप्रानोच्या एक पायरी खालचा आवाज, आणि सोप्रानोच्या आत सुब्रेट म्हणजे हलका, चटपटीत आवाज, मोलकरणी-मैत्रिणींच्या खोडकर भूमिका, कोलोराटूरा म्हणजे उंच आणि झरझर ताना घेणारा, लिरिक म्हणजे मधला, लांब सुरेल ओळींचा, मग स्पिंतो म्हणजे लिरिकच पण गरजेला जोर लावू शकणारा, मग ड्रामॅटिक म्हणजे वॅग्नर वगैरे, जिथे १०० वाद्यांच्या वर गायचं. हे कप्पे थिएटरच्या सोयीसाठी आहेत बाई, त्यांना वर्षाला बाराएक ऑपेरा लावायचे असतात आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या कुठल्या बाईला कुठली भूमिका देता येईल हे माहीत असावं लागतं. तुझ्या गळ्यावर कुठे शिक्का मारलेला नाही. २४ व्या वर्षी तर नाहीच.

किरी ते कानावा न्यूझीलंडमध्ये मेझो म्हणूनच गायला लागली, लंडनला आल्यावर सोप्रानो झाली आणि १९७१ मध्ये कॉव्हेंट गार्डनला ‘फिगारो’मधली काउंटेस गाऊन एका रात्रीत नाव झालं. जोन सदरलँडचं तर उलटंच, ऑस्ट्रेलियातून लंडनला आली ती आपण वॅग्नर गाणार असं डोक्यात घेऊन, आवाज मोठा होता ना. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, रिचर्ड बॉनिंगने, ओळखलं की हा आवाज वर जाऊ शकतो, तर तो पियानोवर तिला न सांगता पट्टी चढवत न्यायचा आणि ती बिचारी गात जायची. आणि वेळ किती लागला बघ, १९५२ मध्ये ती कॉव्हेंट गार्डनच्या कंपनीत लागली, त्याच वर्षी तिथे मारिया कॅलास ‘नॉर्मा’ गायला आली तेव्हा नॉर्माच्या सखीची, क्लोतिल्देची चिमुकली भूमिका सदरलँडकडे होती. ‘लुचिया’ ही उंच तानांची मुख्य भूमिका तिला मिळाली १९५९ मध्ये. सात वर्षं! सात वर्षं ती बारीकसारीक, हलकं-जड, जे देतील ते गात होती, पण रोज कॅलाससारख्यांना विंगेतून ऐकत होती, हे शिक्षण कुठल्याही मास्टरक्लासमध्ये मिळत नाही.

कॅलासचं उदाहरण मुलं मला नेहमी तोंडावर फेकतात, की तिने १९४९ मध्ये व्हेनिसला एकाच आठवड्यात वॅग्नरची ब्रुनहिल्डं पण गायली आणि बेल्लिनीची एल्विरा पण, मग आम्ही का कप्प्यात बसायचं. खरंय, गायली, २५ वर्षांची होती. तिची शेवटची ऑपेराची रात्र १९६५ ची, तेव्हा ती ४१ ची होती. का थांबली यावर तज्ज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही त्यामुळे मी काही शहाणपण सांगत नाही, एवढंच म्हणते की तिचं उदाहरण घ्यायचं तर पूर्ण घ्यावं.

तुझ्यापुरतं सांगायचं तर पुढची दोन वर्षं कप्पा हा शब्द विसर. एक काम कर. पासाज्जो, म्हणजे जिथे आवाजाचा खालचा आणि वरचा भाग जोडला जातो तो सांधा, सोप्रानोचा वरचा सांधा बहुधा वरच्या ई ते एफ शार्पच्या आसपास असतो, तुझा कुठे येतो ते महिनाभर रोज वहीत लिहून ठेव, सकाळी, दुपारी, पाळीच्या दिवसांत, दमलेली असताना. हा सांधा फार हलत नाही आणि तो खोटंही बोलत नाही. मेझो म्हणणाऱ्या बाईंनी तुझा मधला आवाज गडद आहे एवढं ऐकलं असणार, पण रंग गडद असणं वेगळं आणि घर खालच्या मजल्यावर असणं वेगळं. मोत्झार्ट गात राहा. पामिना गा, सुझाना गा. दोन्ही भूमिका कुणालाही फसवू देत नाहीत, ना शिकणाऱ्याला ना शिकवणाऱ्याला.

प्रश्न: सर्दी झाली, दोन दिवसांनी परीक्षा आहे. गायचं की नाही? कोमट पाण्याने गळा मोकळा होतो का?

उत्तर: पाणी स्वरतंतूंना लागतच नाही हो, ते अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी. लागलं तर ठसका बसेल. पाणी पिऊन शरीर ओलं राहतं आणि त्याचा फायदा काही तासांनी गळ्याला पोचतो, म्हणून परीक्षेच्या दारात बाटली रिकामी करून उपयोग नाही, आदल्या दिवसापासून प्या. थेट पोचते ती वाफ. नुसतं नाक वाहतंय आणि बोलण्याचा आवाज स्वच्छ आहे तर बहुतेक वेळा गाता येतं, बोलतानाच आवाज घोगरा आहे तर नाही. कुजबुजू नका, बऱ्याच जणांचा कुजबुजताना गळा उलट जास्त आवळला जातो. आणि गाताना अचानक मध्येच आवाज गेला, असा कापल्यासारखा, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे, जो स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची हालचाल बघायची तपासणी) करतो अशाकडे, स्वरतंतूत रक्तस्राव झाला असू शकतो, आणि अशा वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन तर अजिबात नको, त्याने रक्त पातळ होतं.

प्रश्न: मी गात नाही, फक्त ऐकतो. सोप्रानो वरच्या पट्टीत गेली की एक शब्द कळत नाही. इटालियन येणाऱ्या मित्रालाही कळत नाही! यांचे उच्चार वाईट असतात का?

उत्तर: हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण याचं उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि आम्हा बायकांना फुकटची बोलणी बसतात.

‘ई’ म्हणा. आता ‘ई’च धरून ठेवा आणि जबडा हळूहळू खाली सोडा. काय झालं? ए, मग ॲ, मग आ. म्हणजे स्वर कुठला ते ठरवतो तोंडाच्या पोकळीचा आकार, आणि प्रत्येक आकाराला स्वतःची एक घुमण्याची जागा असते. ‘ई’ची पहिली घुमण्याची जागा बाईच्या तोंडात ३०० हर्ट्झच्या आसपास, ‘आ’ची ८०० च्या आसपास. आपण बोलतो साधारण २०० वर, म्हणजे त्या सगळ्या जागांच्या खाली, म्हणून स्वर वेगवेगळे ऐकू येतात. आता सोप्रानो वरचा ए गाते तो ८८० हर्ट्झ. हाय सी तर १०४७. तिचा सूरच ‘ई’च्या, ‘ऊ’च्या, ‘आ’च्या सगळ्यांच्या घुमण्याच्या जागांच्या वर गेला! ‘ई’चं तोंड धरून ८८० गाणं म्हणजे एक खोली एका सुराला घुमणारी आणि आपण भलत्याच सुरात ओरडतोय, आवाज किरकिरा आणि छोटा येणार, त्यात माईक नाही, समोर ऑर्केस्ट्रा. म्हणून ती जबडा सोडते, तोंड मोठं करते, घुमण्याची जागा सुराबरोबर वर नेते, आवाज एकदम भरून येतो आणि हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, पण त्या बदल्यात ‘ई’ गेला. सगळे स्वर ‘आ’च्या गल्लीत. शिकवतानासुद्धा हेच शिकवावं लागतं, बिचाऱ्या मुली उच्चारांवर मेहनत घेऊन येतात आणि मी सांगते की एफच्या वर गेलीस की थोडं खोटं बोल.

जाणत्या संगीतकारांना हे पाठ असायचं, महत्त्वाचा शब्द आधी खाली सांगून टाकायचा, मग वर तोच परत घ्यायचा. आणि आता तर स्टेजच्या वर शब्द दिसतात, ते १९८३ मध्ये टोरोंटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने ‘एलेक्ट्रा’साठी सुरू केलं. सुरुवातीला नाकं मुरडली बऱ्याच जणांनी. आता ते बंद पडलं तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील.

प्रश्न: पहिल्यांदाच ऑपेरा स्टुडिओच्या (थिएटरच्या, तरुण गायकांना तयार करणाऱ्या विभागाच्या) ऑडिशनला जातेय. पाच आरियांची (ऑपेरातल्या एकट्याने गायच्या गाण्यांची) यादी मागितलीये. आत नक्की काय होतं? मला रात्री झोप नाही.

उत्तर: आत एक पियानो असतो, एक पियानोवाला ज्याला तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा भेटताय, आणि टेबलामागे तीन ते सात माणसं, त्यातल्या एकाचं लक्ष तुमच्या बायोडेटाकडे. पहिली आरिया तुमच्या पसंतीची, दुसरी ते मागतात, कधीकधी दुसरी मागतच नाहीत, थँक यू म्हणतात. पाच-सात मिनिटांत बाहेर. त्या थँक यूचा अर्थ लावत बसू नका, मी दहा वर्षं लावला, काही हाती लागलं नाही.

यादी कशी करायची, तर पाचही आरिया एकाच बाईच्या वाटल्या पाहिजेत. एक मोत्झार्ट, एक इटालियन, एक जर्मन, एक फ्रेंच आणि एक विसाव्या शतकातली किंवा इंग्रजी, असा साधारण रिवाज. पण पाचही एका मजल्यावरच्या हव्यात, एक सुब्रेटची आणि एक वॅग्नरची अशी यादी दिली की टेबलामागच्यांना वाटतं हिला स्वतःलाच माहीत नाही ही कोण आहे.

आता माझी फजिती ऐका. २६ व्या वर्षी, कुठलं थिएटर ते सांगत नाही, यादीत पाचवं नाव शोभेला म्हणून टाकलं, स्त्राविन्स्कीच्या ‘रेक्स प्रोग्रेस’मधली ॲनची आरिया. इंग्रजी पण झाली, विसावं शतक पण झालं, शेवटी हाय सी आहे म्हणून भाव पण वाढेल. खरं म्हणजे मी ती फक्त निम्मी तयार केली होती, वाटलं पाचवी कोण मागतंय. पहिली आरिया झाली, मधल्या बाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, ॲन ऐकू या. पियानोवाल्याचा चेहरा मला अजून दिसतो, कारण ती साथ वाजवायला महाकठीण, आणि मी त्याला दिलेली सुटी झेरॉक्स पानं, त्यातली दोन एकमेकांना चिकटलेली. तो एका पानावर, मी दुसऱ्या पानावर. हाय सी मी घेतला, म्हणजे एकटीनेच घेतला, पियानो तोपर्यंत थांबला होता. बाई म्हणाल्या, थँक यू. या एका थँक यूचा अर्थ मात्र लागला.

तेव्हा पानं पाठपोट छापून रिंगच्या फाइलीत, उलटताना सपाट राहतील अशी. काट-छाट केली असेल तर पेन्सिलीने पुसट नाही, ठळक दाखवा. पियानोवाल्याला लय सांगायला चुटक्या वाजवू नका, उद्धटपणा वाटतो, त्याच्याजवळ जाऊन दोन ओळी हळू गुणगुणा, त्याला बरोब्बर कळतं, आणि कुठे मोठा श्वास घेणार तेही दाखवा. आल्यावर आणि जाताना त्याच्याशी नीट बोला. निघून गेल्यावर टेबलावरचे लोक त्यालाच विचारतात, कशी वाटली. झोप नाही म्हणताय तर यादीतलं पाचवं नाव आत्ता उठून म्हणून बघा, झोपेतून उठून म्हणता येत नसेल तर खोडा.

प्रश्न: डिग्री झाली, पुढे काय? कोणी म्हणतं जर्मनीला जा, कोणी म्हणतं अमेरिकेत यंग आर्टिस्ट प्रोग्रॅम कर, कोणी म्हणतं स्पर्धा जिंक. (अशी सहा पत्रं आली.)

उत्तर: स्पर्धांचं आधी उरकते. वेल्समधल्या कार्डिफची १९८३ पासून, प्रसिद्ध गायक दोमिंगोची ऑपेरालिया १९९३ पासून, अशा दोन-चार मोठ्या आहेत, जिंकलात तर दारं उघडतात, पण तिथे पोचणाऱ्या मुली आधीच कुठेतरी गात असतात. स्पर्धा म्हणजे सुरुवात असा समज करून घेऊ नका.

यंग आर्टिस्ट प्रोग्रॅम म्हणजे थिएटरच्या आत राहून दोनेक वर्षं शिकणं, न्यूयॉर्कच्या मेटचा, म्हणजे मेट्रोपॉलिटन ऑपेराचा, १९८० पासून आहे, कॉव्हेंट गार्डनचा २००१ पासून, सॅन फ्रान्सिस्कोचा मेरोला हा उन्हाळ्यातला, तो तर १९५७ पासून. तिथे पगार किंवा स्टायपेंड मिळतो, रोज भाषेचे कोच मिळतात, आणि मोठ्या गायिकांचं कव्हर करायला मिळतं. कव्हर म्हणजे तिची भूमिका पूर्ण पाठ करून, तालमीला बसून, ती आजारी पडते का याची वाट बघणं. ९९ वेळा ती आजारी पडत नाही. शंभराव्या वेळी असं होतं, की १९७४ मध्ये मेटला ‘ओतेल्लो’मधली देस्देमोना गाणारी तेरेसा स्ट्रॅटास आजारी पडली आणि किरी ते कानावाला, तिचं मेटमधलं पदार्पण अजून व्हायचं होतं तरी, काही तासांच्या नोटीशीवर उभं केलं. बिर्गिट निल्सनला १९४६ मध्ये स्टॉकहोमला पहिली मोठी भूमिका मिळाली ती तीन दिवसांच्या नोटीशीवर. तयारी आधीची होती म्हणून जमलं, नोटीस मिळाल्यावर कोणी पाठ केलं नाही. आणि एक सावध करते, पैसे भरा आणि मुख्य भूमिका करा अशा उन्हाळी जाहिराती भरपूर येतात, त्यातल्या काही चांगल्या असतात, बऱ्याच नसतात, जिथे आवाज न ऐकता प्रवेश मिळतो तिथे पैसे घालू नका.

जर्मनीबद्दल मी पक्षपाती आहे कारण मी तिथेच वाढले. सरकारी पैशावर चालणारी ऑपेरा थिएटरं सुमारे ८०, जगात दुसरीकडे कुठे नाही इतकी दाट. तिथे ‘फेस्ट’ म्हणून कॉन्ट्रॅक्ट असतं, म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार, आजारपणाचा विमा, आणि त्या बदल्यात थिएटर म्हणेल ते गायचं. एजंट नसेल तर सरकारी रोजगार खात्याचाच कलाकारांसाठीचा विभाग आहे, झेडएव्ही, त्यांच्याकडेही आवाज ऐकवता येतो. जर्मन मात्र बोलता आलं पाहिजे, आरियांपुरतं नाही, दिग्दर्शक तालमीत म्हणाला डाव्या शिडीवरून मागे सर, तर कळलं पाहिजे, नाहीतर पडाल, माझी एक मैत्रीण पडली.

पहिली दोन वर्षं कशी असतात ते सांगते, म्हणजे स्वप्नं जरा जमिनीवर येतील. डिसेंबरमध्ये ‘हेन्सेल आणि ग्रेटेल’, शाळकरी मुलांसाठी सकाळी ११ चा शो. मी दवपरी होते. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला यायचं, काही मिनिटं गायचं, मुलांना जागं करायचं, जायचं. पण सकाळी ११ चा शो म्हणजे ९ ला गळा जागा हवा, म्हणजे ६ ला उठायचं, थंडीत ट्राम, मेकअपच्या खुर्चीत बसून पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढत सूर लावायचे (हसू नका, स्ट्रॉमधून गाणं हा गळ्यासाठी सगळ्यात सौम्य व्यायाम आहे, तोंडातला दाब स्वरतंतूंना वरून आधार देतो). मग त्याच संध्याकाळी दुसऱ्याच ऑपेरात मोलकरीण. आणि तिसऱ्या दिवशी इंटेंडंटच्या, म्हणजे थिएटरच्या प्रमुखाच्या, ऑफिसातून फोन, की पुढच्या सीझनला तुला अमुक मोठी भूमिका द्यायचा विचार आहे. इथे खरी परीक्षा. मला २८ व्या वर्षी एक अशी भूमिका देऊ केली जी माझ्या घरापासून दोन मजले दूर होती, जड, ब्रासच्या म्हणजे पितळी वाद्यांच्या वर गायची. मी हो म्हणाले. नाही म्हटलं तर कॉन्ट्रॅक्ट पुढे जाणार नाही अशी भीती, तिथे सीझन संपायच्या आदल्या ३१ ऑक्टोबरपर्यंत थिएटरने नको म्हणून कळवलं नाही तर कॉन्ट्रॅक्ट आपोआप वर्षभर वाढतं, त्यामुळे ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा कॅन्टीनमध्ये कोणी कोणाशी धड बोलत नाही. आठ प्रयोग केले. पाचव्यानंतर माझा मधला आवाज सकाळी लागेनासा झाला, आणि परत यायला दीड वर्ष गेलं, पुढे मी कोरसमध्ये गेले ते त्याच्यामुळेही. थिएटरची चूक म्हणत नाही, ते विचारणारच, त्यांना जागा भरायची असते. नाही म्हणायचं कसं ते शिका, म्हणजे नुसतं नाही नका म्हणू, दुसऱ्या भूमिकेचं नाव घेऊन जा, हे नको पण ते आत्ता देता येईल, असं म्हटलं की बहुतेक इंटेंडंट ऐकतात. हे मला ३५ व्या वर्षी कळलं.

प्रश्न: मी ३१ वर्षांची. इंजिनिअर आहे, दहा वर्षं संध्याकाळी क्लास चालू आहे, आता नोकरी सोडून पूर्ण वेळ गायचं म्हणतेय. उशीर झाला का? माझा हाय सी पक्का आहे, डी पण लागतो. लोक कर्स्टन फ्लागस्टाडचं उदाहरण देतात, ती म्हणे चाळिशीत पुढे आली.

उत्तर: फ्लागस्टाड मेटला पहिल्यांदा गायली १९३५ मध्ये, ३९ व्या वर्षी, बरोबर आहे. पण ऑस्लोत तिचं पदार्पण झालं होतं १९१३ मध्ये, म्हणजे त्याआधी वीसेक वर्षं ती रंगमंचावरच होती, फक्त बाहेरच्या जगाला माहीत नव्हती. तेव्हा ते उदाहरण तुझ्या कामाचं नाही. खोटं बोलत नाही, बऱ्याच स्टुडिओंची वयाची अट ३० च्या आसपास असते, ऑपेरालियाची ३२, ती दारं तुझ्यासाठी जवळजवळ बंद झाली. मोठा, जड आवाज असेल तर वेळ आहे, ते आवाज उशिरा पिकतात. हलका असेल तर त्या भूमिकांसाठी २३-२४ च्या मुली रांगेत आहेत. ओराटोरिओ (बहुधा धार्मिक कथेवरचं, अभिनयाशिवाय मैफलीत गायचं मोठं गायन), चर्चमधलं सोलो गायन, व्यावसायिक कोरस, ही दारं वय विचारत नाहीत, आणि कोरसला कमी लेखू नकोस, मी तिथे १४ वर्षं पोट भरलंय आणि मजेत.

नोकरी आत्ता सोडू नकोस. आधी ‘फिगारो’मधली सुझाना अख्खी बसव, आरिया नाही, अख्खी भूमिका. ती बाई जवळजवळ पूर्ण वेळ स्टेजवर असते, सगळं गाणं मधल्या मजल्यावर, आणि तीन तास झाल्यावर चौथ्या अंकात मोत्झार्ट तिला बागेतलं ते शांत गाणं देतो, जे खाली मधल्या सीच्याही खाली ए पर्यंत उतरतं, दमलेल्या गळ्याने, दबल्या आवाजात, आणि तरी शेवटच्या रांगेत ऐकू गेलं पाहिजे. एखाद्या पियानोवाल्याला धरून एका संध्याकाळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत गा, मध्ये न थांबता. हाय सीबद्दल मला लिहू नकोस. तो खालचा ए कसा लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पहिलं वाक्य बोललीस तेव्हा आवाज कसा होता, तेवढं कळव, मग नोकरीचं बोलू.